कुटुंबांतर्गत गृहवित्त

कुटुंबांतर्गत गृहवित्त : राहत्या घराची किंवा त्यातील हिश्श्याची विक्री, घराची वाटणी अथवा नवे बांधकाम यांसाठी लागणारा पैसा आईवडील, मुले, भाऊबहिणी, काका-मामा इ. आप्तांनी परस्परांना पुरविण्याची पद्धती. असा पैसा चारपैकी एका स्वरूपाचा असतो. हिश्श्याच्या मोबदल्यात दिल्यास ती किंमत होय. परतफेडीच्या बोलीवर दिल्यास कर्ज. मोबदल्याविना दिल्यास दान. आणि घराच्या मालकीत भागीदार होण्यासाठी दिल्यास तो हिस्सा ठरतो. व्यवहारात हे चारही प्रकार ‘घरचाच पैसा’ या एकाच नावाने ओळखले जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र प्रत्येकाचे परिणाम निराळे असतात. पैसा देतेवेळी त्याचे स्वरूप न ठरविणे, हे घराविषयीच्या कौटुंबिक दाव्यांचे एक प्रमुख कारण होय.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत भारतात घरबांधणीसाठी दीर्घ मुदतीचे संस्थात्मक कर्ज जवळजवळ उपलब्ध नव्हते. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जांपैकी सु. ७० टक्के कर्ज सावकारांकडून, १४·२ टक्के नातेवाइकांकडून, तर केवळ ३·१ टक्के सहकारी संस्थांकडून आल्याचे आढळले. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील व धनंजयराव गाडगीळ सदस्य असलेल्या समितीने या पाहणीचा अहवाल १९५४ मध्ये सादर केला. सावकाराच्या खालोखाल आप्त हाच शेतकऱ्याचा धनको होता, हे त्यावरून दिसते. गृहनिर्माण व नगरविकास महामंडळ (हुडको) १९७० मध्ये, गृहविकास वित्त महामंडळ (एचडीएफसी) १९७७ मध्ये, तर राष्ट्रीय गृहनिर्माण बँक १९८८ मध्ये स्थापन झाली. या संस्थांच्या विस्तारानंतरही आप्तांच्या पैशाची गरज संपली नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रु. पर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या किमतीच्या कमाल ९० टक्के, त्यापुढे ७५ लाख रु. पर्यंत ८० टक्के व त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्के रक्कम बँकेस देता येते. उरलेला भाग कर्जदाराने स्वतः उभारावयाचा असून तो बहुधा आप्तांकडूनच येतो.

खानदेशातील स्वरूप : तापी नदी व सातपुडा पर्वत यांच्या दरम्यान वसलेल्या जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. येथील शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न मुख्यतः कापूस व केळी यांवर अवलंबून असल्याने ते मासिक नसून हंगामी असते. दरमहाचा समान हप्ता अशा कुटुंबास अवघड जातो. ‘कापूस विकला की देईन’ ही बोली आप्तच मान्य करू शकतो. सुरत, पुणे, मुंबई येथे नोकरी-व्यवसायानिमित्त गेलेला भाऊ गावच्या घरासाठी पैसा पाठवितो आणि गावी राहिलेला भाऊ देखरेख करतो, हाही नित्याचा प्रकार आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जळगाव जिल्ह्यातील अनेक पतसंस्था अडचणीत येऊन ठेवी अडकल्या. या अनुभवानेही घरच्या पैशाचे महत्त्व अधोरेखित केले.

जुनी धाब्याची घरे पाडून त्यांच्या जागी विटा-सिमेंटची घरे बांधताना अडचण पुढे येते ती मालकीची. जुन्या घराची वाटणी खणांवर होत असे : दोन खण थोरल्याचे, दोन धाकट्याचे, मधली भिंत व अंगण सामाईक. माती-लाकडाच्या घरात ही वाटणी नांदून जात असे. एकच पाया व एकच छत असलेल्या नव्या इमारतीत खणांचा हिशोब लागू पडत नाही आणि कोणाचा पैसा कोणत्या भिंतीत गेला, हे सांगता येत नाही.

मालकीचे पुरावे : नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत (ग्रामपंचायतीत नमुना ८) नाव असणे म्हणजे मालकी नव्हे, ती नोंद करवसुलीसाठी असते. नगर भूमापन झालेल्या ठिकाणी मालमत्ता पत्रक व सनद यांना अधिक महत्त्व आहे. गावठाणांतील असंख्य घरांना असे पत्रक नव्हते व त्यामुळे बँका त्यांवर कर्ज देण्यास कचरत. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे मोजमाप करून मालमत्ता पत्रके देण्यात येऊ लागली. अर्थात, पत्रकावर वडिलांचे किंवा थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागल्याने इतर वारसांचा हक्क नष्ट होत नाही.

वारसांचे हक्क : हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात त्यांच्या पश्चात विधवा पत्नी, मुलगे व मुली यांना समान हिस्सा मिळतो. वडिलार्जित एकत्र मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना सहदायाद केले. तथापि २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुली तीतून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपविला. या हक्कासाठी त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. मूळ अधिनियमाच्या कलम २३ अन्वये राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार पुरुष वारसांच्या इच्छेवर अवलंबून होता आणि विवाहित मुलीस, ती विधवा, परित्यक्ता किंवा विभक्त असल्याखेरीज, तेथे राहण्याचाही हक्क नव्हता. हे कलम २००५ मध्ये वगळले गेले. आखाजीला माहेरी येणारी लेक ही त्या घराची पाहुणी नसून हिस्सेदारही आहे, हा या बदलाचा अर्थ होय. बहिणीचा हिस्सा जमेस न धरता भावाभावांत झालेला घराचा व्यवहार त्यामुळे अपुरा राहतो.

हिश्श्याची विक्री : वारसांपैकी एकास आपला हिस्सा विकावयाचा असल्यास तो विकत घेण्याचा अग्रहक्क त्याच अधिनियमाच्या कलम २२ अन्वये इतर वारसांना आहे, किंमत न ठरल्यास न्यायालय ती ठरविते. हिस्सा परक्यास विकला गेला, तरी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ नुसार त्या परक्यास कुटुंबाच्या राहत्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावल्यास तो हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस विकत घेण्याची संधी विभाजन अधिनियम, १८९३ च्या कलम ४ ने कुटुंबीयांस दिली आहे.

शंभर रु. वा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. हा नियम भावाभावांसही लागू आहे. संपूर्ण किंमत त्याच दिवशी देणे मात्र आवश्यक नाही. किंमत अंशतः दिलेली व अंशतः देण्याचे कबूल केलेली असली, तरी विक्री पूर्ण होते. घराची मालकी खरेदीदाराकडे गेल्यानंतर न मिळालेल्या किमतीपुरता त्या घरावर विक्रेत्याचा बोजा कलम ५५ अन्वये राहतो आणि त्याच्या वसुलीचा दावा रक्कम देय झाल्यापासून १२ वर्षांत करता येतो. हप्त्यांनी किंमत देण्याच्या कौटुंबिक व्यवहारात हे विक्रेत्याचे सर्वांत मोठे संरक्षण होय. दस्तात ‘संपूर्ण मोबदला पावला’ असे लिहून उरलेली रक्कम तोंडी बोलीवर ठेवल्यास ते दुबळे होते. रक्कम येणे आहे हे सिद्ध करण्याचा भार मग विक्रेत्यावर पडतो.

कर्ज : आप्तांकडून घेतलेले हातउसने कर्ज बहुधा लेखी नसते. लिमिटेशन अधिनियम, १९६३ प्रमाणे अशा कर्जाच्या वसुलीची मुदत सामान्यतः ३ वर्षे असून, परतफेडीचा दिवस ठरलेला नसल्यास ती कर्ज दिल्याच्या दिवसापासूनच सुरू होते. मागणी करताच देय असलेल्या वचनचिठ्ठीची मुदतही तिच्या तारखेपासून मोजली जाते. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून कर्ज मान्य केल्यास, किंवा काही रक्कम परत करून तशी लेखी नोंद राहिल्यास, ती मुदत नव्याने सुरू होते. भावाकडे पैसे मागणे बरे दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षे गप्प राहणाऱ्याचा हक्क असा नकळत बुडतो. याउलट नोंदणीकृत गहाणखताने सुरक्षित केलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी १२ वर्षांची मुदत आहे. साधे गहाणखत नोंदणीकृत व दोन साक्षीदारांनी साक्षांकित असावे लागते. केवळ हक्काची कागदपत्रे स्वाधीन करून होणारे गहाण शासनाने अधिसूचित केलेल्या शहरांतच करता येते.

आप्ताने व्याज घेण्यास कायद्याची मनाई नाही. सावकारी हा व्यवसाय नसल्यास असे एखादे कर्ज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कक्षेत सहसा येत नाही. हिंदू विधीतील दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल न करणे, जुन्या मुंबई इलाख्यात न्यायालयांनी मान्य केलेला आहे.

दान व हक्कसोड : स्थावर मालमत्तेचे दानपत्र नोंदणीकृत व दोन साक्षीदारांनी साक्षांकित असावे लागते. स्वीकारलेले दान दात्यास केवळ मनात आले म्हणून रद्द करता येत नाही. महाराष्ट्रात निवासी मालमत्ता पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना दान दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क २०० रु. राहील, अशी तरतूद २०१५ मध्ये करण्यात आली. अन्य अधिभार व नोंदणी शुल्क वेगळे. या यादीत भाऊ व बहीण यांचा समावेश नाही.

वृद्ध आईवडिलांनी मुलास घर देताना विशेष दक्षता घेणे इष्ट ठरते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरणामार्फत परत मिळू शकते. ही अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली असणे श्रेयस्कर होय. बहिणीने भावाच्या लाभात हक्क सोडणे ही खानदेशात रूढ चाल आहे. साध्या कागदावरील सहीने तिचा हक्क संपत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. तिला रक्कम मिळाली असल्यास तीही त्यात नमूद करावी.

मुस्लिम विधीप्रमाणे दान (हिबा) तोंडीही होऊ शकते. मात्र देण्याची घोषणा, स्वीकार व ताबा या तीनही गोष्टी घडल्या पाहिजेत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम अनुसूचित जमातींना, केंद्र शासनाने तसे अधिसूचित केल्याखेरीज, लागू होत नाही. चोपडा तालुक्याच्या सातपुड्यातील भागात पावरा, भिल्ल, तडवी इ. जमातींची वस्ती असल्याने ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

नवे बांधकाम : सर्वांत अधिक तंटे बांधकामातून उद्भवतात, कारण जमीन एकाची व पैसा दुसऱ्याचा असतो. वडिलांच्या प्लॉटवर त्यांच्या संमतीने मुलाने पक्के घर बांधले, तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६० नुसार ती संमती वडिलांस सहजी मागे घेता येत नाही. यामुळे मुलगा जमिनीचा मालक मात्र होत नाही. वडिलांच्या पश्चात त्या जमिनीत त्याच्या भावाबहिणींचाही हिस्सा येतो. बँकेचे कर्ज घ्यावयाचे असल्यास, जमीन गहाण ठेवण्यासाठी जमीनमालक वडिलांची सही लागतेच. एकत्र कुटुंबाच्या घराच्या दुरुस्तीवर किंवा वाढीव बांधकामावर एखाद्या सहदायादाने स्वतःचा पैसा खर्चिला असता तो कुटुंबाच्या हितासाठीच खर्चिला, असे साधारणतः मानले जाते. तसा करार नसल्यास वाटणीच्या वेळी त्यास तो हक्क म्हणून परत मागता येत नाही. बांधलेला भाग शक्यतो त्याच्याच वाट्यास देण्याकडे न्यायालयांचा कल असतो, एवढाच त्यास आधार असतो.

एका भावाने सर्व पैसा द्यावा व खरेदीखत दुसऱ्याच्या एकट्याच्या नावे व्हावे, असेही घडते. बेनामी व्यवहार प्रतिबंधविषयक १९८८ च्या अधिनियमात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, उत्पन्नाच्या ज्ञात साधनांतून पत्नी, पती किंवा अपत्य यांच्या नावे केलेली खरेदी बेनामी ठरत नाही. भाऊ, बहीण अथवा आईवडील यांच्या बाबतीत मात्र दस्तात त्यांच्याबरोबर पैसा देणाऱ्याचेही नाव सहमालक म्हणून असावे लागते. तसे नसल्यास केवळ पैसा आपला होता या आधारावर त्यास घरावर हक्क सांगता येत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी भागात (२०१५ पासून) स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास व ग्रामीण भागात (२०१६ पासून, सपाट प्रदेशात १·२० लाख रु.) घरकुलासाठी साहाय्य देण्यात आले. यांत पती, पत्नी व अविवाहित मुले हे कुटुंब मानल्याने विवाहित मुलास स्वतंत्र लाभार्थी होता येते. त्यासाठी जागेचा हक्क दाखवावा लागत असल्याने वडिलांनी मुलाच्या नावे बखळ जागा करून देण्याचे व्यवहार होऊ लागले. एका मुलास मिळालेली ही जागा त्याच्या अंतिम हिश्श्यात धरावयाची की नाही, याचा निर्णय त्याच वेळी लिहून ठेवणे आवश्यक होय.

करविषयक बाबी : आयकर अधिनियम, १९६१ ची जागा २०२५ च्या अधिनियमाने १ एप्रिल २०२६ पासून घेतली, तथापि या विषयातील मूळ तत्त्वे तीच आहेत. वीस हजार रु. वा अधिक रकमेचे कर्ज, तसेच स्थावर मालमत्तेच्या व्यवहारातील तेवढी आगाऊ रक्कम, रोखीने घेता येत नाही. आप्तांसाठी या नियमात वेगळा अपवाद नाही. विहित नातेवाइकांकडून मिळालेले दान घेणाऱ्याच्या हाती करपात्र नसते. या नातेवाइकांत भावंडे, आईवडिलांची भावंडे व त्यांचे पती-पत्नी येतात. चुलत, मामे, मावस व आते भावंडे येत नाहीत. परिणामी काकाने पुतण्यास दिलेले दान करमुक्त असले, तरी पुतण्याने काकास दिलेले दान ५०,००० रु. हून अधिक असल्यास करपात्र ठरते. आप्ताच्या कर्जावरील व्याज हे त्या आप्ताचे उत्पन्न होय. जुन्या करपद्धतीत घरमालकास हे व्याज विहित मर्यादेत वजा करून मिळते. मुद्दलाच्या परतफेडीची सवलत आप्ताच्या कर्जास नाही.

अन्य देशांतील स्थिती : ब्रिटनमध्ये मुलांच्या पहिल्या घरासाठी पालकांनी दिलेला पैसा इतका सार्वत्रिक आहे की, त्यास विनोदाने ‘आईबापांची बँक’ म्हणतात. तेथील गृहवित्त संस्था ही रक्कम दान असून दात्याचा घरावर हक्क राहणार नाही, असे पत्र सहसा मागून घेतात. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने शासनाने दरमहा जाहीर केलेल्या दरापेक्षा कमी व्याजाच्या कौटुंबिक कर्जात सुटलेले व्याज करापुरते दान मानले; १०,००० डॉलरपर्यंतची कर्जे सामान्यतः यातून वगळली आहेत. दोन्ही देशांत पैशाचे स्वरूप प्रारंभीच ठरविणे भाग पडते. भारतात हे काम बव्हंशी कुटुंबाच्या स्वेच्छेवर सोपविलेले आहे.

उदाहरण : समजा, आईवडिलांच्या पश्चात चोपड्यातील १२ लाख रु. किमतीचे वडिलांचे स्वकष्टार्जित घर दोन भाऊ व एक बहीण यांच्याकडे आले. प्रत्येकाचा हिस्सा ४ लाख रुपयांचा. धाकट्यास घर स्वतःकडे ठेवून तेथे नवे बांधकाम करावयाचे आहे. त्याने इतर दोघांना मिळून ४ लाख रु. लगेच द्यावेत व उरलेले ४ लाख रु. दरवर्षी कापूस विकल्यानंतर ८०,००० रु. याप्रमाणे पाच हप्त्यांत द्यावेत, असे ठरले. हा तपशील जसाच्या तसा नोंदणीकृत खरेदीखतात आल्यास धाकट्यास पूर्ण मालकी मिळते, तिच्या आधारे बँकेकडे जाता येते आणि एखादे वर्ष दुष्काळाचे गेले, तरी भावाबहिणीचा बोजा घरावर कायम राहतो. बँक मात्र अशा वेळी तो बोजा फेडण्याची किंवा दोघांच्या लेखी संमतीची मागणी करील, हे धाकट्याने गृहीत धरावे.

हेच काहीही न लिहिता त्याने आधी ८ लाख रु. खर्चून बांधकाम केले व घराची किंमत २० लाख रु. झाली, तर प्रत्येकाचा हिस्सा सु. ६·६७ लाख रुपयांचा होतो. स्वतःच्या पैशाने वाढविलेल्या किमतीचा भाग धाकट्यास इतरांना देण्याची वेळ येऊ शकते. उलट, तोंडी बोलीने हक्क सोडून हप्त्यांची वाट पाहणाऱ्या भावाबहिणीस हिस्सा व पैसा या दोहोंबाबत वर्षानुवर्षे न्यायालयात भांडावे लागते. दोन्ही प्रसंगी एकाही पक्षाचा हेतू वाईट असावा लागत नाही; एखाद्याचा मृत्यू, मुलांचे विवाह किंवा जमिनीची वाढलेली किंमत एवढे कारण पुरते.

लेखी दस्त म्हणजे आप्तांवरील अविश्वास, अशी समजूत समाजात रूढ आहे. वस्तुतः ज्यांनी शब्द दिला व घेतला, त्यांच्यापेक्षा त्यांच्या पुढच्या पिढीस दस्ताची गरज अधिक असते. कारण मूळ बोलीच्या वेळी ती पिढी हजर नसते. रक्कम, तिचे स्वरूप, परतफेडीची वेळ, घरावरील बोजा आणि सर्व हिस्सेदारांच्या, विशेषतः बहिणींच्या, सह्या या पाच गोष्टी प्रारंभी लिहून ठेवल्यास घरच्या पैशातून उभे राहिलेले घर पुढील पिढीकडे वादाविना जाऊ शकते.